वायू आहे, पण वाट नाही

चीनच्या उत्तर भागातल्या ऑर्डोस खोऱ्यात सुलिगे हे नैसर्गिक वायूचं प्रचंड क्षेत्र २००० साली सापडलं. वायू आहे तीनेक किलोमीटर खोल, पर्मियन काळातल्या, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणलेल्या वाळूच्या खडकात. पण विहीर खणली म्हणून तो आपोआप वर येत नाही. हा ‘टाइट’ म्हणजे घट्ट वालुकाश्म. त्याची पार्यता, म्हणजे द्रव किंवा वायू आतून वाहू देण्याची क्षमता, साधारण ०.१ मिलिडार्सीहून (मिलिडार्सी हे तिचं एकक) कमी असते.

ही वाळू मुळात मोकळीच होती. वरच्या थरांच्या भाराने कण दाबले गेले, कणांवर क्वार्ट्‌झची नवी पुटं चढली, कॅल्साइटने फटी बुजवल्या आणि इलाइटसारख्या मातीच्या खनिजांचे धागे उरल्यासुरल्या वाटांत वाढले. काही ठिकाणी मात्र आम्लयुक्त पाण्याने फेल्डस्पार या खनिजाचे कण विरघळवून नवी छिद्रंही दिली. त्यामुळे खडकात खोल्या बऱ्याच, पण त्यांना जोडणारी दारं अतिशय अरुंद.

सगळा खेळ या दारांचा आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून ८ टक्के सच्छिद्रतेचे, म्हणजे आकारमानाचा ८ टक्के भाग पोकळ असलेले दोन नमुने अगदी वेगळे वागू शकतात. नुसता सच्छिद्रतेचा आकडा पाहून खडक चांगला ठरवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

दारं मोजायला पारा वापरतात. पारा खडकाला भिजवत नाही, त्यामुळे त्याला जोर लावून आत ढकलावं लागतं, आणि दार जितकं अरुंद तितका दाब जास्त. ०.१ मायक्रोमीटर त्रिज्येच्या दारातून तो शिरायला सुमारे ७.३ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सत्तरेक पट दाब लागतो. दाब काढल्यावर बराचसा पारा आतच अडकून राहतो. किती अडकला, यावरूनही खोल्या आणि दारांच्या आकारातली तफावत कळते.

पारा कितव्या दाबाला शिरू लागला, एकूण किती शिरला आणि दारं एकसारखी आहेत की लहानमोठी, यांवरून नमुन्यांचे वर्ग पाडतात. सीमारेषांचे आकडे खोऱ्यागणिक बदलतात. वरच्या वर्गांत कणांमधल्या मूळ पोकळ्या आणि विरघळून झालेली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, तिथे पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक फोडला की वायू निघतो. खालच्या वर्गात उरतात ती मातीच्या खनिजांमधली अतिसूक्ष्म छिद्रं. तसा खडक फोडूनही फारसं हाती लागत नाही. कधी कधी तर तो खालच्या वायूला अडवणारं झाकणच ठरतो.