आजीबाईचा बटवा (बडोदे)

आजीबाईचा बटवा : अख्खी धान्ये, कडधान्ये, ऋतूतील भाज्या-फळे आणि घरात जपून ठेवलेल्या काष्ठौषधी यांच्या आधारे प्रकृती सांभाळण्याची व किरकोळ तक्रारींवर घरीच उपचार करण्याची मराठी कुटुंबांतील परंपरा. नाव औषधांच्या पिशवीवरून पडले असले, तरी प्रत्यक्षात तीत औषधांचा वाटा थोडा आणि रोजच्या ताटाचा वाटा फार मोठा आहे. काढे आणि चूर्णे यांचेच वर्णन करणाऱ्या लेखनातून ही बाजू सहसा निसटते. बडोद्यातील मराठी घरांत ही परंपरा गुजरातचे हवामान, बाजार आणि शेजार यांच्या संगतीने वाढली, त्यामुळे तिला तेथे स्वतंत्र वळण लागले आहे.

अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांच्या काळापासून गुजरातेत मराठी सत्ता रुजत गेली आणि तिच्यामागोमाग सरदार, शिलेदार, कारकून, पुरोहित अशी अनेक कुटुंबे बडोद्यात येऊन दांडिया बाजार, रावपुरा अशा भागांत स्थिरावली. स्वयंपाकाची रीत त्यांनी देशावरची आणि कोकणातली ठेवली. धान्य, भाजी आणि औषधे मात्र स्थानिक बाजारातूनच घ्यावी लागत. पाद्रा-डभोईकडची भाजी व तूर, भाल प्रदेशातील कोरडवाहू गहू, उंझ्याच्या पेठेतून येणारे जिरे, बडीशेप व इसबगोल आणि छोटा उदेपूरच्या जंगलपट्टीतील मोह, मध व डिंक यांमुळे मूळच्या कृतींत नव्या वस्तूंची भर पडली. काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानदाराला गुजरातीत गांधी म्हणतात. त्याच्याकडे मराठी गृहिणी बाळंतशोपा मागण्याऐवजी सुवा आणि पिंपळमूळ मागण्याऐवजी गंठोडा मागू लागल्या, त्यालाही आता कित्येक पिढ्या लोटल्या.

या परंपरेचा पाया आयुर्वेदातील ऋतुचर्या हा आहे. चरकसंहितेत हेमंत ऋतूत जठराग्नी प्रबळ असतो म्हणून स्निग्ध व पौष्टिक आहार घ्यावा आणि वर्षाऋतूत तो मंदावतो म्हणून हलके अन्न घ्यावे, असे सांगितले आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी संहिता वाचलेली नसे, पण कोणत्या महिन्यात काय शिजवायचे आणि काय टाळायचे हे सणावारांच्या निमित्ताने त्यांच्या अंगवळणी पडलेले असे. चैत्रपाडव्याला कडुनिंबाची पाने ओवा, मीठ व गुळाबरोबर वाटून खाण्याची मराठी रीत आणि चैत्रात कडुनिंबाचा मोहोर व रस घेण्याची गुजराती रीत बडोद्यात शेजारी-शेजारी नांदतात.

वर्षभरातील सर्वांत संपन्न काळ हिवाळ्याचा. मार्गशीर्ष-पौषात खंडेराव मार्केटमध्ये ओल्या हळदीचे ढीग लागतात : एक गर्द केशरी, नेहमीच्या हळदीचा, दुसरा फिकट, कैरीसारख्या वासाचा, आंबेहळदीचा. महाराष्ट्रात आंबेहळद मुख्यतः मुक्या मारावर उगाळून लावायचा लेप म्हणून ओळखली जाते. बडोद्यात ती जेवणाच्या ताटात डावीकडे वाढली जाते. गड्डे धुऊन, साल खरवडून त्यांच्या पातळ चकत्या करतात, मीठ लावून वर चकत्या बुडतील इतका लिंबाचा रस घालतात आणि काचेच्या बरणीत भरून ठेवतात. दोन-तीन दिवसांत चकत्या मुरतात, रस केशरी होतो आणि कापणाऱ्या बाईच्या बोटांचा पिवळेपणा मात्र पुढे बरेच दिवस जात नाही. बाजरीची भाकरी, तूप-गूळ, तुरीच्या ताज्या दाण्यांची आमटी आणि ही हळद असे जेवण या परंपरेचे सार एका ताटात दाखवते : त्यात औषध म्हणावे असे वेगळे काहीच नाही, आणि तरीही कोंड्यासह धान्य, डाळीची प्रथिने, ताजी मुळे आणि आंबट रस हे सगळे त्यात आलेले आहे.

हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य वजनाने साधारण २ ते ५ टक्के असते व ते आतड्यांतून फारच कमी शोषले जाते. बेंगळूरू येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिऱ्यातील पायपरीनबरोबर दिल्यास माणसांत त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढल्याचे आढळले. मात्र प्रयोगातील मात्रा आणि भाजीतील चिमूटभर हळद यांत मोठे अंतर आहे, हे अशा निष्कर्षांचा दाखला देताना विसरू नये. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे सादर करून आव्हान दिल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. घरगुती ज्ञान लिहून ठेवण्याचे मोल त्या प्रकरणातून स्पष्ट झाले.

बाळंतिणीचा आहार हा या परंपरेचा सर्वांत काटेकोर भाग होय. मराठी घरांतील डिंकाचे, मेथीचे आणि अळिवाचे लाडू बडोद्यातही तसेच राहिले. त्यांच्या जोडीला गुजराती शेजारणींकडून सुंठ-गंठोड्याची राब, म्हणजे गरम पातळ पेज, काटलु या चूर्णमिश्रणाचा पाक आणि बत्तीस वस्तूंचे मानले जाणारे बत्रीसु हे चूर्ण असे पदार्थ आले. जेवणानंतर भाजलेला ओवा, बाळंतशोपा, तीळ आणि खोबरे यांची सुपारी देतात. ओव्यातील थायमॉल व बाळंतशोपेतील सुगंधी तेले पोटातील वायू कमी करतात, असा अनुभव आहे. अळिवात लोह विपुल असते आणि ते अंगी लागण्यासाठी सोबत लिंबासारखे आंबट फळ घेणे उपयुक्त ठरते. या वस्तूंनी दूध वाढते याला मात्र भक्कम पुरावा नाही. दूध वाढते ते मुख्यतः बाळाला वारंवार पाजल्याने, आणि पूर्वी बाळंतिणीला सव्वा महिना कामातून सवड दिली जाई, तिचा लाभ लाडवांच्या खात्यावर जमा झाला असणे शक्य आहे. लाडवांतील तूप-गुळाचे प्रमाण दळण-कांडण करणाऱ्या स्त्रियांच्या काळातले आहे. मधुमेह असलेल्या स्त्रीला गूळ साखरेइतकाच वर्ज्य समजावा लागतो.

बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा कैरीचे पन्हे, जिरे घातलेले ताक, सब्जा आणि कोकणातून मागवलेल्या आमसुलाचे सरबत यांच्याबरोबर बडीशेप व खडीसाखर रात्रभर भिजवून केलेले वरियाळीचे सरबत घेतात. मीठ आणि साखर दोन्ही असलेले पन्हे घामावाटे गेलेले पाणी व क्षार भरून काढते. पावसाळ्यात आले, गवती चहा, तुळस आणि मिरी यांचा काढा असतो. आल्याचा मळमळीवरील उपयोग आधुनिक चाचण्यांतही बऱ्यापैकी टिकला आहे. इसबगोलाची भुशी पाणी शोषून फुगते व मलावरोधावर गुणकारी ठरते. तीतील विद्राव्य तंतूंमुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा उल्लेख वेष्टनावर करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. ती भरपूर पाण्याबरोबरच घ्यावी लागते, नाहीतर घशात वा आतड्यात अडकू शकते, आणि अन्य औषधे व ती यांच्यात काही वेळाचे अंतर ठेवावे लागते.

बटव्यातील सर्वच वस्तू निरुपद्रवी नाहीत, आणि याबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. बाळगुटीत हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम यांच्याबरोबर वेखंड असते, आणि प्रत्येक वस्तू सहाणेवर ठरलेले वळसे उगाळून ती बाळाला चाटवतात. वेखंडातील बीटा-ॲसरोन हे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत घातक आढळल्याने अमेरिकेत खाद्यपदार्थांत त्याचा वापर १९६८ पासून बंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले ६ महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी उगाळण्यामागची माया खरी असते, पण सहाण, उगाळण्याचे पाणी आणि बोट यांच्या स्वच्छतेवर तान्ह्या बाळाचे पोट सोपवणे आज समर्थनीय ठरत नाही. ज्येष्ठमध मोठ्या माणसांनीही दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. सोनामुखीचा रोजचा जुलाब आतड्यांची सवय बिघडवतो. कोविड काळात गुळवेलीचे सेवन खूप वाढले, तेव्हा काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, तथापि यकृताचा विकार असलेल्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याखेरीज घेऊ नये. जांभळाच्या बियांचे चूर्ण किंवा कारल्याचा रस यांच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करणे धोक्याचे आहे. तीन दिवसांवर टिकणारा ताप, धाप लागणे, शौचातून रक्त पडणे किंवा लहान मुलाचे सुस्तावणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे.

वनस्पतींच्या औषधी उपयोगाला बडोद्यात संस्थात्मक बाजूही लाभली. सयाजीराव तिसरे (१८६३–१९३९) यांनी १८९० मध्ये स्थापलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेशी संबंधित रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक हा उद्योग उभारला, आणि त्याच्या सुरुवातीच्या उत्पादनांत टिंक्चर, म्हणजे मद्यार्कात काढलेले अर्क, होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पूर्वीच्या गृहविज्ञान, आताच्या कुटुंब व समुदाय विज्ञान शाखेत अन्न व पोषण या विषयाचे अध्यापन आणि संशोधन अनेक दशके चालू आहे.

अलीकडे परंपरेचा औषधी भाग तयार पाकिटांत गेला आहे. पूड केलेल्या वस्तूंत भेसळ ओळखणे कठीण असते, आणि हळदीच्या पुडीला झळाळी यावी म्हणून त्यात शिशाचे विषारी संयुग मिसळल्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीस आले आहेत. म्हणून जाणत्या गृहिणी हळकुंड, सुंठ व मिरी अख्खीच घेतात. आहाराचा भाग मात्र काही घरांत अधिक बळकट झालेला दिसतो. गुजरातेत सर्वत्र रूढ असलेली घरघंटी बडोद्यातील मराठी स्वयंपाकघरांतही आहे, आणि तीवर गहू, ज्वारी, बाजरी व नाचणी आठवड्यापुरतीच दळून, पीठ न चाळता वापरतात.