‘अर्थ लाव रे’: कोकणातल्या वेल्डिंगची पार्श्वभूमी

कोकणात वेल्डरचा हंगाम दोनदा येतो. पहिला मे महिन्यात. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि ज्याला त्याला खळ्यावर, पडवीपुढे, गाडीवर पत्र्याची शेड हवी असते. दुसरा १ जूनपासून, मासेमारी बंद झाली की. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, वेंगुर्ला, सगळीकडे नौका शाकारून ठेवतात आणि विंच (जाळं ओढायचं यंत्र), सुकाणू, डिझेलची टाकी, शाफ्टचा ब्रॅकेट, जे जे लोखंडी ते दुरुस्तीला निघतं. शिकाऊ मुलाला कामावर घेतात तेही याच दिवसांत, कारण तेव्हा हात कमी पडतात. म्हणजे घामानं भिजलेला शर्ट, ओली जमीन, खारी हवा आणि मालकाची घाई, हे चारही एकदमच त्याच्या वाट्याला येतं.

रॉड कसा धरायचा, टॅक (तात्पुरता टाका) कुठे मारायचा, स्लॅग (सांध्यावरचा मळ) कसा काढायचा हे वर्कशॉपात पहिल्या महिन्यात होऊन जातं, ते इथे पुन्हा सांगत नाही. हे टिपण मुख्यतः ‘अर्थ’ (इंग्रजी ‘earth’, म्हणजे जमीन) या एका शब्दाबद्दल आहे. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

दोन लोखंडं तापवून, ठोकून एकजीव करायचं लोहाराचं कसब फार जुनं. विजेच्या आर्कनं (सलग ठिणगीनं) धातू वितळवून जोडायची पद्धत १८८० च्या दशकात रशियात आकाराला आली. आधी कार्बनची कांडी वापरत, मग लवकरच स्वतः वितळून सांध्यात भरणारी धातूची कांडी आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका स्वीडिश अभियंत्यानं त्या कांडीवर लेप चढवला, आणि आपण आज ‘काडी’ म्हणतो तो रॉड तयार झाला. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योतही त्याच सुमारास कामात आली. १९२० मध्ये ब्रिटनमध्ये एकही रिव्हेट न मारता बांधलेलं जहाज समुद्रात उतरलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं वेल्डिंगच्या जोरावर एकाच नमुन्याची २,७१० मालवाहू जहाजं बांधली. त्यांतल्या काहींना थंड पाण्यात मोठमोठे तडे गेले, आणि सांधा मजबूत दिसणं वेगळं, असणं वेगळं, हे सगळ्या जगाला कळलं.

आपल्या किनाऱ्यावर हा धंदा फोफावला तो गेल्या चाळीस वर्षांत. १९८० च्या दशकात थळचा खत कारखाना, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर, १९९० च्या दशकात कोकण रेल्वे आणि अंजनवेलचा वीजप्रकल्प. बाहेरून पाइप वेल्डर आले आणि गावची मुलं त्यांच्या हाताखाली हेल्पर म्हणून शिरली. २६ जानेवारी १९९८ ला रेल्वे सुरू झाली, मोठी कामं आवरली, तेव्हा त्यांतले काही आखातात गेले आणि काहींनी नाक्यावर ग्रिल-गेटचं दुकान टाकलं. आज जे मिस्त्री म्हणून ओळखले जातात त्यांतले पुष्कळ या पिढीचे आहेत. त्यांचा हात पक्का आहे, त्यात शंका नाही. पण ते शिकले ते बघून बघून, आणि बघून शिकलेल्या विद्येत चुकीचे शब्दही जसेच्या तसे पुढे जातात.

आयटीआयमध्ये या ट्रेडचं नाव बराच काळ ‘वेल्डर (गॅस अँड इलेक्ट्रिक)’ असं होतं. आता नुसतं ‘वेल्डर’ राहिलं आहे, अभ्यासक्रम एक वर्षाचा. गॅसचं काम नाक्यावरच्या दुकानात मुख्यतः कटिंगपुरतं उरलं. पूर्वी सिलिंडर परवडत नसे तिथे कार्बाइडच्या टाकीत पाणी सोडून ॲसिटिलीन तयार करत. आंबा पिकवायला चोरून वापरतात तेच हे कार्बाइड. फळांसाठी त्यावर बंदी आहे, पण त्याचा वास कोकणात पोरासोरांनाही ओळखता येतो. दमट हवेत उघडा राहिलेला कार्बाइडचा डबा आपोआप गॅस सोडत राहतो, एवढं जरी त्या वासावरून लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

आता मूळ मुद्दा. दुकानात कुणी म्हणतं, ‘अर्थ लाव रे.’ मुलगा काय करतो? मशीनमधून निघालेल्या दुसऱ्या केबलचा चिमटा कामाच्या लोखंडाला लावतो. या केबलचा जमिनीशी काहीही संबंध नाही. करंट मशीनमधून रॉड धरणाऱ्या होल्डरला जातो, आर्कमधून कामात उतरतो आणि या केबलनं मशीनकडे परत येतो. तिचं खरं नाव रिटर्न केबल, म्हणजे परतीची वाट. अर्थिंग ही निराळीच तार. ती मशीनच्या पत्र्याच्या बॉडीपासून निघून खड्ड्यातल्या प्लेटपर्यंत जाते आणि मशीनच्या आत लाइन बॉडीला चिकटली तर माणसाला वाचवते. दोन तारा, दोन कामं, आणि आपल्याकडे दोघींना एकच नाव.

ही गल्लत केवळ मराठीतली नाही, इंग्रजी बोलणारे कारागीरही या चिमट्याला ‘ग्राउंड’ म्हणतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत मात्र केबली तीन धरत: होल्डरची, परतीची, आणि कामाचं लोखंड जमिनीशी जोडणारी तिसरी. माझा अंदाज असा की दुकानांतून ही तिसरी केबल गळाली आणि तिचं नाव दुसरीला चिकटलं. कामाचं लोखंड वेगळं अर्थ करावं की नाही, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. जुनी शिकवण सांगते, करावं, म्हणजे मशीनच्या आतलं इन्सुलेशन फुटलं तरी कामावर ४१५ व्होल्ट चढणार नाहीत. नवं मत सांगतं, मशीनचं इन्सुलेशन चांगलं असेल तर करू नये, कारण मग करंटला परत यायला भलत्या वाटा मिळतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण हा वाद समजायला आधी दोन तारा वेगळ्या ओळखता यायला हव्यात, आणि गाडी अडते ती तिथेच.

भलती वाट म्हणजे काय, ते जेटीवर दिसतं. मशीन धक्क्यावर, काम नौकेच्या विंचवर. चिमटा जवळ पडतो म्हणून इंजिनाला लावला. करंट परत येताना विंचच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जातो, तिथे बारीक ठिणग्या पडून गोळ्यांवर खळगे होतात. पुढे महिनाभरात बेअरिंग आवाज करू लागतं, आणि दोष ग्रीसला लागतो. लोखंडी बार्जचं काम असेल आणि चिमटा धक्क्याच्या लोखंडाला असेल, तर करंट खाऱ्या पाण्यातून वाट काढतो. डीसी मशीन असेल तर करंट जिथून पाण्यात उतरतो तिथला धातू खाल्ला जातो. स्लॅबच्या कामात चिमटा दूरच्या सळईला लावला तरी असंच. आणि सगळ्यात वाईट प्रकार: चिमटा सैल आहे, पण कामाचं लोखंड कुठूनतरी अर्थ झालेलं आहे. मग शे-सव्वाशे अँपिअरचा करंट तिथल्या बारीक अर्थ वायरमधून परततो, ती भाजून निघते आणि आतल्या आत तुटते. वेल्डिंग थोडं फरफरत चालू राहतं. संध्याकाळी घरी जाताना कुणाला कळलेलं नसतं की त्या जागेला आता अर्थिंग उरलेलं नाही.

‘अर्थ लावलाय ना, मग शॉक कसा बसेल?’ हे वाक्य मी कित्येकदा ऐकलं आहे आणि दर वेळी काळजात धस्स होतं. उत्तर असं: चिमटा लावला म्हणूनच तर होल्डर आणि काम यांच्यामध्ये व्होल्टेज उभं राहतं. आर्क चालू असताना ते २०-३० व्होल्टच असतं. आर्क थांबला, रॉड बदलायला घेतला, की ६० ते ८०. कोरड्या हातमोज्यात आणि कोरड्या बुटात त्याचं काही वाटत नाही. घामेजलेल्या पाठीनं पोलादाला टेकून, टाकीच्या आत गुडघ्यावर बसून रॉड बदलणाऱ्या माणसाला तेवढंही जीवघेणं ठरतं. म्हणून अशा अडचणीच्या, ओल्या जागेत एसी मशीनचं रिकामं (आर्क नसतानाचं) व्होल्टेज ४८ च्या वर नसावं असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. बोर्डावरचं ईएलसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) इथे मदतीला येत नाही. होल्डरकडची बाजू ट्रान्सफॉर्मरनं वेगळी झालेली असते, त्यामुळे तिथला शॉक त्याला दिसतच नाही.

खऱ्या अर्थिंगचीही आपल्याकडे परवड आहे. जांभ्याच्या कातळात एप्रिल-मे मध्ये ओलावा राहत नाही. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा पाणी न घालता सोडला तर ऐन कामाच्या दिवसांत तो नावापुरता उरतो.

कायदा काय म्हणतो? १९४८ चा कारखाना कायदा डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल बोलत होता. ज्वालाग्राही माल ठेवलेली टाकी पुरेशी खबरदारी घेतल्याशिवाय कापू किंवा जोडू नये, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. रिकाम्या डिझेल टाकीला गॅसची टॉर्च लावण्याआधी ती धुऊन, वाफ किंवा पाणी भरून घ्यायची, ती यासाठीच. रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा घातक, कारण आत हवा आणि इंधनाची वाफ यांचं मिश्रण असतं. वेल्डिंगच्या सुरक्षिततेचं भारतीय मानकही आहे. पण मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी १० कामगार असले तरच तो कारखाना, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत (ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली) हा आकडा २० झाला. नाक्यावरच्या दुकानात मिस्त्री, एक हेल्पर आणि एक शिकाऊ. कारखान्यासाठी लिहिलेले नियम त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि सर्वांत जास्त वेल्डिंग त्यांच्याच हातून होतं. माझ्या मते आकडा वाढवणं चूक होतं.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि हजारो घरांची कौलं, पत्रे गेले. पुढच्या मे मध्ये ‘तौक्ते’. त्यानंतर लाकडी वाशांच्या जागी लोखंडी पाइप झपाट्यानं आले, आणि खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून पुष्कळांनी जीआय (जस्ताचा थर दिलेले) पाइप निवडले. त्यावरचा जस्ताचा थर सुमारे ९०७ अंशांना उकळतो. आर्कपुढे त्याचा पांढरा धूर होतो, आणि संध्याकाळी वेल्डरला हुडहुडी भरून ताप येतो. सकाळी उतरतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. गूळ किंवा दूध घेतल्यानं तो थांबत नाही. सांध्याजवळचा थर आधी घासून काढणं, वाऱ्याकडे पाठ न करता तो बाजूनं येईल असं उभं राहणं, आणि धुरासाठीचा मास्क, एवढंच उपयोगी पडतं. तोंडाला बांधलेला गमछा हा धूर अडवत नाही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगची अतिनील किरणं, दोन्ही कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात टाकली. डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखी आग होते ती याच किरणांमुळे. बटाट्याच्या कापानं गार वाटतं, पण इजा भरून येत नाही. १० नंबरच्या (जाडीच्या) काडीला काळेपणाच्या १० किंवा ११ शेडची काच हवी, गॉगल नव्हे.

आणि आता मशीनच बदललं आहे. तेलानं भरलेला, चाकांवर ढकलत न्यायचा ट्रान्सफॉर्मर गेला, खांद्याला अडकवायचा इन्व्हर्टर आला. काहींत रिकामं व्होल्टेज आपोआप उतरवणारी सोय असते. त्याच्या तोंडावर दोन सॉकेट, एकावर अधिक, एकावर उणे. नवा मुलगा विचारतो, ‘सर, अर्थ प्लसला लावू की मायनसला?’ दोन्हींपैकी कुठेच नाही. अर्थची जागा मशीनच्या पाठीमागे आहे, पंख्याच्या जाळीखाली, एक लहान बोल्ट आणि शेजारी तीन आडव्या रेघांची खूण. दुकानांत मी पाहिलेल्या कितीतरी मशीनवर तो नट कारखान्यातून आला तसाच असतो, पान्याचा एक ओरखडाही न उठलेला.