प्लाय की ब्लॉकबोर्ड? आधी आतली पट्टी कुठल्या दिशेने चाललीये ते बघा

परवा एक काकू वर्कशॉपवर आल्या, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये फोटो, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या की आमच्या मिस्त्रीने प्लाय सांगून ब्लॉकबोर्ड घातला, फसवलं हो आम्हाला. फोटो बघितला तर वॉर्डरोबचं सात फुटी शटर, म्हणजे कपाटाचं दार. म्हटलं काकू, शटरला ब्लॉकबोर्ड घातला असेल तर त्याने डोकं लावलंय. बिलात प्लायचा रेट लावला असेल तर ते मात्र त्याला विचारा.

ही गल्लत खूप जणांची होते आणि त्यात कोणाची चूक नाही, कारण बाहेरून दोन्ही जुळे भाऊ आहेत. ८ बाय ४ चा शीट, जाडी १८-१९ एमएम म्हणजे आमच्या भाषेत सहा सूत, वरून तोच लालसर थर, आणि एकदा सनमायका बसला की मलासुद्धा ठोकून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. फरक सगळा आतमध्ये आहे.

प्लाय कसा बनतो, तर ओंडका मशीनवर गरागरा फिरवतात आणि पात्याने त्याचा लांबच लांब पातळ पापुद्रा सोलून काढतात. मग हे पापुद्रे एकावर एक, एक उभा एक आडवा एक उभा असे, आणि संख्या नेहमी विषम, गोंद लावून गरम प्रेसमध्ये दाबतात. खारी आठवा, तसे पदर. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं आणि लांबीत जवळपास फुगत नाही, त्यामुळे उभा पदर आडव्याला धरून ठेवतो आणि आडवा उभ्याला. म्हणून प्लायला दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी सारखी ताकद असते (अगदी सारखी नाही, पण घरच्या कामाला फरक पडत नाही एवढी).

ब्लॉकबोर्डात पापुद्रे फक्त वर-खाली. मधे अखंड लाकडाच्या साधारण इंचभर रुंद पट्ट्या, शेजारी शेजारी लावलेल्या, चांगल्या मालात पाइनच्या, आणि त्या सगळ्या शीटच्या ८ फुटी लांबीने धावतात. घरी करून बघायचं असेल तर आगपेटीच्या काड्या शेजारी शेजारी मांडा, वरून खालून कागद चिकटवा, सुकू द्या. आता काड्यांच्या लांबीत वाकवायला जा, दम लागतो. दुसऱ्या बाजूने वाकवा, दोन काड्यांच्या मधे घडी पडते. एवढंच आहे ब्लॉकबोर्डाचं सगळं शास्त्र, बाकी सगळं यातूनच निघतं.

उंच शटर घ्या. सात फुटी शटर प्लायमध्ये केलं की बऱ्याचदा एक-दोन पावसाळ्यात पिळतं, वरचा कोपरा दोन सूत बाहेर, खालचा आत, आणि मग लोक हिंज टाइट करत बसतात, ते हिंजने कसं जाणार. पदर जास्त, प्रत्येक पदराचा ओलावा थोडा वेगळा, त्यातून शीट मुळातच जरा बाक असलेला आला तर संपलंच. ब्लॉकबोर्डात पट्ट्या शटरच्या उंचीने उभ्या जातात, त्या सरळ राहतात म्हणून शटर सरळ राहतं, शिवाय वजनाला हलकं. १९ एमएमचा चांगला प्लायचा शीट एकट्याने उचलताना कंबर आठवते, तोच ब्लॉकबोर्ड पाइनचा असेल तर त्यामानाने सहज निघतो, आणि तेवढं वजन रोज हिंजवर कमी पडतं हे लक्षात घ्या. घरातला फ्लश डोअर, म्हणजे सपाट दार, बहुतेक वेळा याच खानदानातला असतो, तो सात फूट असून वर्षानुवर्षं सरळ उभा राहतो ना, ते उगीच नाही.

इथे एक आडवी गोष्ट सांगतो कारण दोष भलत्यालाच जातो. शटरला बाहेरून १ एमएमचा सनमायका लावला आणि आतून पैसे वाचवायला नुसता रंग मारला, तर ब्लॉकबोर्ड असो की प्लाय, शटर वाकणारच, कारण एक बाजू बंद आणि एक बाजू हवेतला ओलावा पीत बसलेली. आतून पातळ का होईना, लायनर (आतल्या बाजूचा पातळ सनमायका) लावाच. कोकणातल्या घरांना तर हे दुप्पट लागू. माझ्याकडे 'बोर्ड वाकला' म्हणून येणाऱ्या तक्रारीत निम्म्या तरी या असतात, बोर्ड बिचारा निर्दोष.

आता फळी. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवीन नवीन काम घ्यायला लागलो तेव्हा एका वॉर्डरोबसाठी ब्लॉकबोर्डातून सात फुटी तीन शटर काढली, पावणेसोळा इंच रुंदीची, शीटच्या चार फुटांत करवतीची जाडी धरून बरोब्बर बसतात. खाली काय उरलं, तर १ फूट बाय ४ फुटांचा तुकडा. आता हा तुकडा बघितला की कुठल्याही सुताराच्या डोक्यात पहिला विचार येतो की अरे ही तर पुस्तकांची फळी तयारच आहे, खोली १२ इंच, लांबी ४ फूट, कापायचं पण काम नाही. मी लावली. पण त्या तुकड्यात पट्ट्या ४ फुटांच्या दिशेने जात नाहीत, त्या १ फुटाच्या दिशेने जातात! म्हणजे माझी चार फुटी फळी म्हणजे फूटभर लांबीच्या ४०-५० काड्या शेजारी शेजारी, आणि त्यांना धरून ठेवणारा वर-खाली एकेक कागदासारखा पापुद्रा. गिऱ्हाईक वकील होते, जाड जाड पुस्तकं. महिनाभरात फळीला पोट आलं आणि एके रात्री कड्कन आवाज, मधोमध तुटली. वकिलांनी केस नाही केली, चहा पाजून नवीन फळी लावून घेतली.

तोच तुकडा प्लायचा असता तर वाकला असता, तुटला नसता. उलट ब्लॉकबोर्डाची फळी पट्ट्या लांबीने धरून कापली तर ती त्याच जाडीच्या प्लायइतकं सहज वजन घेते, माझ्या अनुभवात कमी वाकते. म्हणजे 'फळीला ब्लॉकबोर्ड चालतो का' या प्रश्नाला हो पण खरं आणि नाही पण खरं, कुठून कापला ते सांगा. आणि काहीही वापरलं तरी पुस्तकांची फळी अडीच फुटांच्या पुढे नेऊ नका, न्यायचीच असेल तर पुढच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी उभी मारा, दिसायलाही बरी दिसते.

स्क्रूच्या बाबतीत प्लाय पुढे. ऑटो हिंजला (आपोआप बंद होणारी बिजागरी) ३५ एमएमचं भोक पाडावं लागतं, साधारण १२ एमएम खोल, आणि स्वस्तातल्या ब्लॉकबोर्डात दोन पट्ट्यांच्या मधे पोकळी असते, ड्रिल नेमकं तिथे गेलं की आत भसकन जातं आणि स्क्रू धरायला काही उरत नाही. बोर्डाच्या आखूड टोकाला पण तेच, तिथे स्क्रू पट्टीच्या रेषांत शिरतो आणि पकड धरत नाही, चार वेळा उघड-बंद केलं की ढिला. म्हणून कपाटाचा सांगाडा म्हणजे बाजू, तळ, वरची फळी, जिथे कडेत स्क्रू मारून जोड करायचे, तिथे मी प्लायच घेतो. ड्रॉवरला पण प्लायच, त्यात वाद नको.

किचनमध्ये सिंकखाली ब्लॉकबोर्ड नको म्हणजे नको. दुकानदार सांगेल की यात पण बीडब्ल्यूपी ग्रेड येतो, येतो हे खरं आहे, ब्लॉकबोर्डाचा आयएस १६५९ (आयएस म्हणजे भारतीय मानक) वेगळा आहे आणि त्यात तो ग्रेड आहे. पण बीडब्ल्यूपी हे गोंदाचं सर्टिफिकेट आहे, लाकडाचं नाही. गोंद उकळत्या पाण्यात सुटणार नाही एवढाच त्याचा अर्थ, आतली पट्टी टोकाकडून पाणी ओढून फुगायची ती फुगतेच. प्लायमध्ये सिंकखाली आयएस ७१० चा मरीन घ्या, ज्याच्या परीक्षेत ७२ तास उकळवतात, आणि तरीसुद्धा कापलेल्या सगळ्या कडा सील करून घ्या.

विकत घेताना काय बघायचं? पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाल तेव्हा शीटच्या चार फुटी कडेकडे बघा, आठ फुटीकडे नाही. ब्लॉकबोर्ड असेल तर तिथे चौकोन चौकोन दिसतील, पट्ट्यांची टोकं, प्लाय असेल तर नुसत्या आडव्या रेघा. चौकोनांच्या मधून नखं जात असतील तर पुढच्या दुकानात जा. मग बोटाच्या पेराने शीटभर ठोकत चला, आवाज एका ठिकाणी ठक् आणि एका ठिकाणी भद्द आला तर आत पोकळी आहे. हे दुकानदारासमोर करायला लाजू नका, तो रोज बघतो. भाव म्हणाल तर त्याच दर्जाचा ब्लॉकबोर्ड बहुधा प्लायपेक्षा थोडा स्वस्त पडतो, पण अख्ख्या घराला एकच माल घालून पैसे वाचवतो म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला सांगाडा कशात आणि शटर कशात हे कोटेशनमध्ये वेगवेगळं लिहायला सांगा, तिथेच कळतं.

त्या तुटलेल्या फळीनंतर वर्कशॉपवर एक नियम झाला, शीट कापायच्या आधी त्याच्यावर पेन्सिलने पट्टीच्या दिशेचे बाण काढायचे, प्रत्येक तुकड्यावर एक. नवीन पोरं हसतात, म्हणतात दादा एवढं काय. मी त्यांना कोपऱ्यातलं स्टूल दाखवतो, वकिलांच्या फळीच्या दोन अर्ध्यांचं केलंय, या वेळी पट्ट्या बरोबर दिशेने, आणि आमचा नव्वद किलोचा पॉलिशवाला रोज त्यावर बसून डबा खातो.