अमेरिकन माणूस: मराठी नजरेतली दोनशे वर्षं

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि पुढच्याच महिन्यात एच-१बी या तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जासाठी १ लाख डॉलर मोजावे लागतील, असं जाहीर केलं. पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपुरातल्या कितीतरी घरांत या बातमीचा संबंध थेट मुलाच्या आणि सुनेच्या नोकरीशी होता. ‘हे अमेरिकन मुळात असेच’ असं त्या दिवसांत पुष्कळदा ऐकू आलं. ‘असेच’ म्हणजे कसे, याचं उत्तर मात्र दर पिढीला वेगळं मिळालेलं आहे. अमेरिकनांविषयी जगाला काय वाटतं, याच्या पाहण्या होतात आणि टक्केवारी छापून येते. त्या आकड्यांमागे प्रत्येक समाजाचा आपला अनुभव असतो. व्हिएतनामचा अनुभव इराणसारखा नाही आणि आपला या दोघांसारखा नाही. आपला अनुभव दोनशे वर्षांहून जुना आहे.

१८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्या वेळी ब्रिटन आणि अमेरिकेत युद्ध चालू होतं, त्यामुळे कंपनी सरकारला ते नकोच होते. कलकत्त्याहून त्यांना आधीच घालवून दिलं होतं, मुंबईतूनही हाकलायची तयारी होती. पण ते टिकले, मराठी शिकले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने वारला. गावोगावच्या सामान्य माणसाला गोरा म्हणजे साहेब, मग तो लंडनचा असो की बोस्टनचा. तरीही हा साहेब वसुलीला येत नाही, पलटण घेऊन येत नाही, पुस्तकं वाटतो आणि शाळा काढतो, एवढा फरक लोकांच्या लवकरच लक्षात आला. धर्मांतराच्या भीतीमुळे दुरावा होता आणि ती भीती खोटीही नव्हती. पण याच मिशनचा छापखाना बघून गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढण्याची ओढ लागली आणि पुढे त्यांनी मराठी पंचांग छापलं. १८४२ मध्ये नगरहून मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं.

नगरचं नाव इथे आलं की मिस सिंथिया फरार यांचं नाव घ्यावंच लागतं. १८२७ साली, अविवाहित असताना, त्या एकट्या मुंबईला आल्या. पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये त्यांची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. आपल्याकडच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या बाईंना एखाद्या ओळीत उरकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

फुल्यांच्या मनात अमेरिकन माणसाविषयी जो आदर होता, त्याची एक मुळी या शाळेत होती आणि दुसरी अमेरिकेच्या यादवी युद्धात. त्या युद्धाकडे महाराष्ट्राने दोन अगदी वेगळ्या बाजूंनी पाहिलं. मुंबईच्या पेढ्यांवर त्याचा अर्थ होता कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. १८६१ मध्ये नाकेबंदी झाली, तो कापूस अडकला आणि खानदेश-वऱ्हाडच्या बोंडांना सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचं वेड पसरलं, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, कापसाचे आणि शेअरचे दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं. भाव कोसळला आणि त्याबरोबर बँका आणि कंपन्याही बसल्या. शेतकऱ्याने तेजीत काढलेलं कर्ज मंदीत तसंच राहिलं. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले, त्यांच्या कारणांत ही तेजी-मंदीही मोजतात.

फुल्यांना त्याच युद्धात गुलामांची सुटका दिसली. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी युनायटेड स्टेट्समधल्या भल्या लोकांना लिहिली. गुलामांना मुक्त करताना त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल आदर व्यक्त केला आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बंधूंना सोडवताना तो कित्ता गिरवावा, अशी आशा धरली. हे अर्पण लोकांना आहे, राष्ट्राध्यक्षांना किंवा सरकारला नाही. अमेरिकन जनता आणि अमेरिकन सत्ता यांचा हिशेब वेगळा ठेवायचा, ही मराठी विचारातली धारा इथून स्पष्ट दिसू लागते. माझ्या मते पुढच्या दीडशे वर्षांत आपण अमेरिकनांविषयी जे जे बोललो, त्यातलं शहाणपणाचं तेवढं सगळं याच धारेतून आलं आहे.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. यामागची हकीकत विलक्षण आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असं विचारणारं पत्र गोपाळराव जोश्यांनी मिशनरी वाइल्डर यांना लिहिलं होतं. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापलं आणि वर धर्मांतराचा सल्लाही दिला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी धर्माबद्दल एक अक्षर न विचारता उलट टपाली पत्र धाडलं. पत्रांतून स्नेह वाढला आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. त्या त्यांच्याच घरी उतरल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या पकीप्सीतल्या आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या. धर्म बदल म्हणणारा अमेरिकन आणि काही न विचारता दार उघडणारी अमेरिकन बाई, दोघेही एकाच पत्राच्या निमित्ताने मराठी घरात आले.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या आणि तिकडेच जवळपास तीन वर्षं राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था निघाली आणि तिच्या पैशावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. त्याच वर्षी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. अमेरिकन समाजाचा इतका बारकाईने घेतलेला वेध त्या काळात मराठीत दुसरा नाही. शाळा, वर्तमानपत्रं, बायकांच्या संघटना, स्वतःची कामं स्वतः करण्याची सवय, या सगळ्यांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. पण काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय याबद्दलही त्या स्पष्ट लिहितात. ज्यांच्या वर्गणीवर आपलं काम उभं राहणार आहे, त्यांचे दोष छापायला केवढं धैर्य लागत असेल! पुण्यात मात्र चर्चा झाली ती अमेरिकन पैशाची. सदनात मुलींना ख्रिस्ती वळण लावलं जातं, असा गदारोळ १८९३ मध्ये उठला. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेकडे आपण आजही ज्या नजरेने बघतो, ती नजर तेव्हाचीच.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन त्यांचे शिक्षक होते. वर्गात, वाचनालयात, जेवणाच्या टेबलावर कुणी जात विचारत नव्हतं. पण विद्यापीठाला लागूनच हार्लेमची काळी वस्ती आकार घेत होती. समता शिकवणारा आणि वर्णद्वेष पाळणारा, असे दोन्ही अमेरिकन त्यांना एकाच शहरात भेटले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या लोकांचे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांच्या स्थितीचा अभ्यास नुसता स्वाभाविक नव्हे तर आवश्यक आहे, असं त्यांनी कळवलं, आणि काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती काळ्या अमेरिकनांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून, नावासकट याच वाटेने आली. त्या तरुणांना जवळचा वाटलेला अमेरिकन ओकलंडच्या रस्त्यावरचा होता, व्हाइट हाउसमधला नव्हे.

बाकीच्या महाराष्ट्राला त्या वर्षांत अमेरिका भेटली ती रेशनच्या रांगेत. १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली अमेरिका आपलं जादा धान्य रुपयांच्या मोबदल्यात देत होती. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन मान्सून फसले. शास्त्रीजींनी देशाला सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल नापसंती दाखवली, तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजांचा पुरवठा मुद्दाम हात राखून, थोडा थोडा सोडला. पुढे १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो, म्हणजे अमेरिकन ज्वारी, आली. त्या काळात चूल सांभाळलेल्या कुणाही बाईला विचारा. तांबडं पीठ, त्याला चिकटा नाही, भाकरी थापताना कडा फाटणार, आणि पानात पडलेलं मुलं मुकाट खाणार. जनावरांना घालतात ते आम्हाला पाठवलं, ही बोच घराघरांत राहिली. अमेरिकेत मिलो मुख्यतः जनावरांचंच खाद्य होतं, त्यामुळे ती बोच नुसती मानीपणाची म्हणता येत नाही. पण त्या धान्यामुळे माणसं जगली, हेही तितकंच खरं.

बांधावरचं गाजर गवत याच आठवणीला चिकटलं. पन्नासच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि अमेरिकन गव्हातून बी आलं, असं सगळीकडे पसरलं. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले. त्याच्या पुष्कळ आधीच्या नोंदीही वनस्पतितज्ज्ञांनी पुढे आणल्या आहेत, पण गावात अजून अमेरिकन गव्हाचं स्पष्टीकरणच चालतं. दुसरीकडे, दुष्काळाच्या आधीच शेतात शिरलेल्या संकरित ज्वारीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीचा मादी वाण अमेरिकेतून आलेला होता. रेशनवरची ज्वारी अमेरिकन म्हणून लक्षात राहिली, रानातली हायब्रीड आपली झाली.

१९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश युद्ध चालू असताना निक्सन यांनी एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. सातवं आरमार हे शब्द तेव्हा शाळकरी मुलांनाही पाठ झाले. तारापूरची अणुभट्टी अमेरिकन कंपनीने बांधली होती. १९६९ मध्ये ती वीज देऊ लागली, पण १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला आणि शेवटी फ्रान्सकडून इंधन घ्यावं लागलं. सरकारविषयीचा संताप या सगळ्यातून साठत गेला. नव्वदच्या दशकात त्यात एन्रॉन या अमेरिकन वीजकंपनीची भर पडली. गुहागर तालुक्यातल्या वेलदूर-अंजनवेलच्या मच्छीमारांनी आणि बायकांनी तिच्या दाभोळ वीजप्रकल्पाविरुद्ध लाठ्या खाल्ल्या. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, लगेच पुन्हा वाटाघाटी करून तो चालू केला. महागड्या विजेवरून भांडण पेटलं, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत कंपनीचंच दिवाळं निघालं. कोकणात अमेरिकन कंपनी म्हटलं की अजून कपाळाला आठी पडते, ती यामुळे.

याच काळात आपली मुलं तिकडे जात होती. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि डॉक्टर-इंजिनिअरांना वाट मिळाली. महाराष्ट्र मंडळं निघाली, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. पुढे संगणकाची लाट आली आणि अमेरिकन माणूस रात्रीच्या कॉलवरचा ग्राहक बनला.

उलट्या दिशेने आलेलेही होते. एलिनॉर झेलियट यांनी साठच्या दशकात आंबेडकरी चळवळीचा अभ्यास केला, तेव्हा इथल्या विद्यापीठांतही तो विषय फारसा कुणी हाती घेत नव्हतं. मिनिआपोलिसच्या गेल ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात भारत पाटणकरांबरोबर संसार करून राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये तिथेच वारल्या. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये गरिबांच्या मुलांना वाचायला शिकवण्यात हयात घालवली. या बायकांना कुणी अमेरिकेच्या धोरणाचा जाब विचारला नाही आणि ते योग्यच झालं.

आता परिस्थिती आणखी गुंतली आहे, कारण अमेरिकन म्हणून ज्याच्याकडे बघायचं तो पुष्कळदा आपल्यातलाच असतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकन संसदेवर निवडून गेले. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांनी सिएटलच्या नगर परिषदेत जातिभेदाला मनाई करणारा ठराव मांडला आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तो मंजूर झाला. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. आंबेडकरी संघटनांनी स्वागत केलं, तिथल्या काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसंच विधेयक संमत केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही करायला नकार दिला. आपल्या जातीचा प्रश्न आता अमेरिकन नागरिक झालेली आपलीच माणसं अमेरिकन सभागृहांत दोन्ही बाजूंनी लढवत आहेत.