तेहतीस मण्यांची माळ आणि ज्वारीची भाकरी

पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीला गेल्या वर्षी सीलिॲक आजाराचं निदान झालं. यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतडं बिघडतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हतं, त्याचं कारण शेवटी लहान आतड्यात सापडलं. गहू कायमचा बंद झाला. पंधरा दिवसांनी रात्री अकराला तिचा फोन आला. "मावशी, मेसमध्ये पोळी सोडून नुसता भात खाते गं, पण तासा-दोन तासांत पुन्हा पोटात कावळे ओरडतात. आणि ग्लुटेन-फ्री बिस्किटांचा एक पुडा घेतला की दोन दिवसांच्या भाजीचे पैसे जातात." त्याच आठवड्यात एका प्रदर्शनात मी 'खपली गहू : ग्लुटेन-फ्री' असा फलक पाहिला. या दोन गोष्टींमुळे हा लेख लिहायला घेतला.

आधी फलकाबद्दल. खपली हा गहूच आहे. जुनं वाण आहे, चव छान आहे, पण त्यात ग्लुटेन असतं आणि ते सीलिॲकच्या रुग्णाचं आतडं तितकंच बिघडवतं. असा फलक लावणं ही नुसती जाहिरातबाजी नाही, एखाद्याच्या तब्येतीशी खेळ आहे.

ग्लुटेन म्हणजे काय? कणीक मळताना ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि त्यांचं लवचीक जाळं बनतं, तेच ग्लुटेन. पोळी लाटता येते ती या जाळ्यामुळे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. जठरातलं पेप्सिन आणि स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन यांसारखी विकरं (एन्झाइम) ही माळ ठरावीक ठिकाणी तोडतात. तुकडे दोन-तीन मण्यांचे झाले की आतडं ते शोषून घेतं.

ग्लायडिनमध्ये मात्र प्रोलिन नावाच्या मण्यांची गर्दी असते. इतर अमिनो आम्लांची बाजूची फांदी मोकळी लोंबते. प्रोलिनची फांदी वळून पुन्हा माळेच्या दोऱ्यालाच जोडलेली असते. त्या कडीमुळे माळ तिथे ताठ होते, विकराच्या खाचेत नीट बसत नाही आणि तुटतही नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी असा न पचणारा ३३ मण्यांचा तुकडा दाखवून दिला. त्यात १३ मणी प्रोलिनचे आणि १० ग्लुटामिनचे आहेत. माझ्या मते जीवरसायनशास्त्रातल्या सर्वात देखण्या गोष्टींपैकी ही एक आहे. एका छोट्या कडीपुढे पचनसंस्थेची सगळी हत्यारं बोथट होतात.

हे तुकडे तुमच्या-माझ्या पोटातही उरतात आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही. सीलिॲकमध्ये पुढची पायरी घडते. आतड्याच्या अस्तरातलं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर काही ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्लात रूपांतर करतं, म्हणजे त्या मण्यांवर ऋण प्रभार येतो. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही प्रथिनं ज्यांच्या पेशींवर असतात, त्यांच्यात हा प्रभारित तुकडा त्या प्रथिनाच्या खोबणीत घट्ट बसतो. रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना तो शत्रू वाटतो आणि त्यांच्या हल्ल्यात आतड्यावरची बोटांसारखी उद्वर्धं झिजून सपाट होतात. ही प्रथिनं बनवणारी जनुकं असणारे पुष्कळ असतात, आजार मात्र जगात साधारण शंभरात एकाला होतो. म्हणून वजन उतरवायला किंवा 'शरीरशुद्धी'साठी गहू सोडण्याला काही आधार नाही. आजाराची शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडूच नका. सोडला तर रक्ततपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा कण काढून केलेली तपासणी), दोन्ही फसू शकतात.

गहूच दोषी आहे हे सिद्ध केलं डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना शंका दुसऱ्या महायुद्धाआधीपासून होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि आजूबाजूचे लोक खंगत असताना सीलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला तसा आजारही परतला. १९५० मध्ये डिके यांनी आपले निष्कर्ष प्रबंधात मांडले.

आता भाचीच्या भुकेकडे येऊ. उद्वर्धं भरून यायला महिने लागतात, मोठ्या माणसांत कधी वर्षाहून जास्त. तोवर खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. दूध पचवणारं लॅक्टेज या उद्वर्धांवरच असतं, म्हणून काही काळ दूधही बाधू शकतं. त्यात पांढरा भात झटपट पचतो. महागडी बिस्किटंही बहुतेक स्टार्चचीच असतात. पोट धरून ठेवायला प्रथिनं आणि तंतू लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात साधारण २५. भाकरी, पिठलं आणि दाण्याची चटणी हे जेवण त्या पुड्यापेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त वेळ टिकतं.

ज्वारी, बाजरी आणि मका गवतकुळाच्या वेगळ्या शाखेतले आहेत, तांदूळ आणखी वेगळ्या. त्यांच्या प्रथिनांत गव्हाचे ते तुकडे नसतात. जाळंही नसतं, म्हणून ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. उष्णतेने स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि जाळ्याचं काम करतात. पीठ जुनं झालं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली, की भाकरी थापतानाच कडेला चिरते.

खरी अडचण धान्याची नाही, सरमिसळीची आहे. ग्लुटेन-फ्री म्हणवण्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. कणकेत साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅमहूनही कमी कणीक मिसळली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. गव्हाच्या दळणानंतर गिरणीत याहून जास्त पीठ शिल्लक असतं. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर आतडं बिघडतं, हे प्रयोगात दिसलं आहे. म्हणजे एका पोळीचा जेमतेम साठावा भाग. शिवाय थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि सातूचं पीठ यांत गहू किंवा तसंच ग्लुटेन असलेला जव असतो, आणि बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा.

सोलापूरला भाचीच्या घरी घरघंटी आहे. ती आतपर्यंत साफ केली, आणि आता घरचा गहू गिरणीत जातो, घरघंटीवर फक्त ज्वारी आणि तांदूळ. विरी जाऊ नये म्हणून तिची आई दर पंधरा दिवसांनी थोडंथोडं पीठ एसटीने पाठवते. मेसवाल्या काकूंनी तिच्यासाठी तवा वेगळा ठेवला आहे, आणि तिची भाकरी त्या पोळ्या लाटायला घेण्याआधी थापतात.