दुर्बिणीनं खडा काढल्यावर उरलेलं काम

पित्तनलिकेतला, म्हणजे यकृताकडून आतड्याकडं पित्त नेणाऱ्या वाटेतला, खडा दुर्बिणीनं काढला की माणसाला दोन-चार दिवसांत हुशारी येते. डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागतो, लघवीचा रंग निवळतो, अंगाची खाज थांबते. पोटावर टाका नाही की दुखणं नाही. मग डॉक्टर सांगतात, "आता पित्ताची पिशवीपण काढून घ्या." आणि घरात उत्तर ठरलेलं असतं: ऊस जाऊ दे, मग बघू. बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडं असो की अथणी-हुक्केरीकडं, कारखान्याची तोड सुरू झाली की घरातलं प्रत्येक ऑपरेशन हंगामापलीकडं ढकललं जातं. खडा पुन्हा येण्याची बरीचशी कथा या ढकलण्यातच आहे.

नलिकेतले बहुतेक खडे मुळात तिथले नसतातच. ते तयार होतात पित्ताशयात आणि घरंगळून नलिकेत अडकतात. ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीनं खडा काढण्याच्या या पद्धतीत, तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. पित्तनलिका जिथं आतड्यात उघडते, तिथल्या गोल स्नायूला विजेच्या तारेनं छेद देतात आणि फुग्यानं किंवा बारीक जाळीनं खडा ओढून आतड्यात सोडतात. जर्मनीत आणि जपानमध्ये १९७०च्या दशकात हा छेद पहिल्यांदा दिला गेला, तोवर या खड्यासाठी पोट उघडावं लागायचं. पण दुर्बिणीनं साफ होते ती नलिका. पिशवीतले उरलेले खडे जागच्या जागी असतात.

त्यांचं काय होतं, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सरळ तपासून पाहिलं. नलिका साफ झालेल्या रुग्णांपैकी काहींची पिशवी लगेच काढली, बाकीच्यांना "त्रास झाला तर बघू" म्हणून थांबवलं. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत थांबलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना पुन्हा पित्ताचा त्रास झाला, पिशवी काढलेल्यांत हेच प्रमाण २ टक्के होतं. वैद्यकात इतका उघड फरक क्वचितच पाहायला मिळतो. म्हणूनच पिशवीत खडे असतील तर दोन आठवड्यांच्या आत ती काढावी, असं युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फार वय झालेलं असेल, हृदय किंवा फुप्फुस भूल सोसणारं नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथं डॉक्टर नफा-तोटा मांडून ठरवतात. ऊस हे मात्र थांबण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता दुसरा प्रकार. पिशवी काढून वर्षं लोटली, तरी नलिकेत खडा सापडतो. "पिशवीच नाही, मग खडा कुठनं आला?" असं नातेवाईक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. हे खडे नलिकेतच जन्मतात. तपकिरी, मऊ, बोटानं चुरडले जातील असे. स्नायूला छेद दिला की आतड्याचं दार कायमचं थोडं किलकिलं राहतं आणि आतड्यातले जंतू वर चढू शकतात. पित्तातलं बिलिरुबिन हे रंगद्रव्य एरवी विरघळलेल्या रूपात वाहत असतं. जंतूंचं एक विकर (एन्झाइम) त्याची जोडणी तोडतं, सुटं झालेलं बिलिरुबिन कॅल्शियमला धरतं आणि गाळ खाली बसू लागतो. तरी नुसत्या जंतूंनी खडा होत नाही, पित्त साचावंही लागतं. शेताच्या पाटाला जिथं पाणी रेंगाळतं तिथंच गाळ धरतो, तसंच इथं. नलिका फुगून १५ मिलिमीटरच्या वर गेलेली असली, तिला वाकडं वळण असलं किंवा तिच्या मुखाशी आतड्याला फुगवटा आलेला असला (म्हातारपणी तो बऱ्याच जणांत आढळतो), की पित्त रेंगाळतं आणि खडा परतण्याची शक्यता वाढते.

परतीचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ४ ते २५ टक्के आढळलं आहे. साफसफाईनंतर सहा महिन्यांच्या आत दिसलेला खडा सहसा नवा मानत नाहीत, तो आधीच्या वेळी नजरेतून सुटलेला धरतात. त्यामुळं प्रतिबंधाचा एक भाग रुग्णाच्या हातात नसतोच. शेवटी फुगा फुगवून, एक्स-रेत दिसणारं औषध नलिकेत सोडून ती नीट तपासली का, भुगा झालेला खडा सलाइननं धुऊन काढला का, हे दुर्बीण हाताळणाऱ्यावर अवलंबून असतं.

रुग्णाच्या हातात जे आहे, त्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो डिस्चार्जचा कागद. आपल्या भागात हा कागद इंग्रजीत असतो, सिस्टर कानडीत समजावून सांगते आणि घरी येईतोवर त्याचं मराठीत "गोळ्या घ्या, तेलकट खाऊ नका" एवढंच उरतं. त्या कागदावर कुठंतरी 'स्टेंट इन सीटू' असे तीन शब्द असतात. म्हणजे नलिकेत प्लास्टिकची बारीक नळी ठेवली आहे, आणि ती सहसा तीन ते सहा महिन्यांत काढायची किंवा बदलायची आहे. नळी दुखत नाही, जाणवत नाही, म्हणून विसरली जाते. मग तीच तुंबते, तिच्याभोवती गाळ धरतो आणि तिच्यावरच नवा खडा तयार होतो. घरातल्या कुणीतरी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी; महालक्ष्मी असो की कालनिर्णय, दुधाच्या हिशेबाशेजारी जागा असतेच.

औषधांबद्दल थोडक्यात. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या पित्त पातळ करतात म्हणून दिल्या जातात. पित्ताशयातले लहान, कोलेस्टेरॉलचे खडे त्या महिनोन्‌महिने घेतल्यावर विरघळू शकतात. तपकिरी खडे विरघळत नाहीत, आणि नलिकेतला खडा परतू नये म्हणून त्यांचा कितपत उपयोग होतो याचा पुरावा पक्का नाही. डॉक्टरांनी दिल्या तर घ्याव्यात, पण पिशवी काढण्याऐवजी म्हणून नव्हे.

हुलग्याचं पाणी तर घरोघरी सुचवलं जातं. माडगं करून खावं, पौष्टिक आहे. पण हा सल्ला मुतखड्याचा आहे. मुतखडा मूत्रमार्गात असतो, पित्ताचा खडा यकृताकडून आतड्याकडं येणाऱ्या वाटेवर. दोन्ही वाटांचा एकमेकींशी संबंध नाही. मोबाइलवर फिरणारा तेल आणि लिंबूरसाचा उपाय त्याहून फसवा. तो घेतल्यावर शौचातून हिरवट गोळे पडतात आणि लोक ते खडे म्हणून बाटलीत भरून दाखवतात. २००५ साली असे गोळे प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा त्यांत ना कोलेस्टेरॉल निघालं, ना बिलिरुबिन, ना कॅल्शियम. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता.

खाण्याचं पथ्य नलिकेतले तपकिरी खडे रोखतं असं म्हणता येत नाही. वजनाचं मात्र लक्षात ठेवावं. ज्यांची पिशवी अजून जागेवर आहे, त्यांनी आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवणारे झटपट डाएट टाळावेत. त्यानं पित्ताशयात नवे खडे धरतात.

ज्यांची नलिका फुगलेली आहे किंवा ज्यांना एकदा खडा परतला आहे, त्यांनी अधूनमधून यकृताची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. किती महिन्यांनी, ते डॉक्टर नलिका पाहून सांगतील. खडे वारंवार येत राहिले तर नलिका थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रियाही करता येते.

आणि थंडी वाजून ताप, बरगडीखाली उजवीकडं दुखणं व डोळे पिवळे, हे तिन्ही एकत्र आलं तर काविळीची माळ घालायला गावोगाव फिरू नये. तुंबलेल्या नलिकेत जंतू वाढून काही तासांत रक्तात उतरतात. त्याच दिवशी बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज, जे जवळ पडेल तिथं, ईआरसीपीची सोय असलेल्या दवाखान्यात जावं आणि आधीच्या ईआरसीपीचा कागद बरोबर न्यावा. छेद आधी दिला आहे का, नळी आत आहे का, नलिका किती रुंद होती, हे त्यावरून पाहून पुढच्या डॉक्टरला लगेच कामाला लागता येतं.