कुठला वेट? एकाच आवाजाचे शब्द आणि आपल्या तोंडी एक झालेले शब्द

चौथीच्या वर्गात श्रुतलेखन चालू होतं. मी म्हटलं, "वेट." एका मुलीनं पेन्सिल थांबवून विचारलं, "बाई, वजनाचा का थांबायचा?" शेजारच्या मुलानं काहीच न विचारता डब्ल्यू-ई-टी लिहून टाकलं होतं, म्हणजे ओला. मी तिला शाबासकी दिली आणि त्याच्या शब्दावर लाल फुली मारली. मधल्या सुट्टीत वह्या आवरताना ती फुली मला टोचायला लागली. त्यानं ऐकलं तेच लिहिलं होतं. माझ्या तोंडून थांबायचा, वजनाचा, ओला आणि जनावरांच्या डॉक्टरचा असे चारही वेट एकाच आवाजात बाहेर पडतात.

या चारांपैकी होमोफोन, म्हणजे समोच्चारी शब्द, दोनच आहेत: थांबायचा आणि वजनाचा. स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा, उच्चार मात्र तंतोतंत एक. लंडनचा माणूससुद्धा नुसता आवाज ऐकून कुठला ते सांगू शकणार नाही. ओला वेट आणि डॉक्टरचा वेट हे त्या दोघांपासूनही वेगळे आणि एकमेकांपासूनही वेगळे. ते एक झालेत आपल्या मराठी तोंडात. सराव-पुस्तिकांमध्ये आणि वर्गातल्या तक्त्यांवर हे दोन प्रकार एकाच यादीत घातलेले मी कितीदा पाहिलेत. मीही तसेच तक्ते केले आहेत.

खरे समोच्चारी शब्द इंग्रजीत इतके का, याचं कारण त्या भाषेच्या इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टननं 1476 साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला. स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, पण त्याच काळात आणि पुढेही उच्चार बदलत राहिले. भेटायचं मीट आणि मटणाचं मीट यांचे स्वर पूर्वी वेगळे होते, ते पुढे एक झाले. सरदार नाईटमधला के एके काळी लोक खरोखर उच्चारत. आवाज गेला, अक्षर राहिलं. आपल्याकडे श आणि ष यांचं तेच झालं आहे. 'कोश' लिहा नाहीतर 'कोष' लिहा, आपण दोन्ही सारखंच वाचतो. पोरांना हे सांगितलं की इंग्रजी मुद्दाम छळते ही तक्रार बरीच कमी होते.

दुसऱ्या प्रकाराचं कारण आपल्या मराठीत आहे. आपल्याला 'ए' एकच. इंग्रजीत मिळवायचं गेट आणि फाटकाचं गेट यांचे स्वर वेगळे आहेत. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट, मिरीचा पेपर आणि कागदाचा पेपर, लिहायचं पेन आणि दुखायचं पेन, सगळ्यांची तीच गत. 'व'ही एकच, म्हणून पश्चिम दिशा आणि आतलं बनियन दोन्ही 'वेस्ट'. इकार-उकाराचं तर आणखी मजेशीर आहे. गरीब, वकील, मूल, फूल अशा अकारान्त शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, हा 1962 च्या शुद्धलेखन नियमांतला नियम आपल्या जिभेतच मुरलेला आहे. म्हणून जहाजाचं शिप आपण शीप म्हणतो आणि मेंढी आपोआप जहाजात चढते. 'बस फुल आहे' मधलं फुल असंच लांबतं आणि इंग्रजीत त्याचा मूर्ख होतो.

याचा पडताळा मला जतला मिळाला. तिथल्या शाळेत काही वर्षं होते. जत तालुक्यात पुष्कळ घरांतून कन्नड बोलतात आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आहेत. 'बेळे' आखूड म्हटलं तर शेतातलं पीक, लांबवलं तर डाळ. त्या घरांतली पोरं मिळवायचं गेट आणि फाटकाचं गेट पहिल्याच दिवशी वेगळं काढायची, आणि इंग्रजीत एरवी पुढे असलेली मराठी घरांतली पोरं गोंधळायची.

सेल हा शब्द तर प्रत्येक वर्गात घ्यावा. टॉर्चमधला सेल, विकायचं सेल, कापडदुकानातला सेल आणि होडीच्या शिडाचं सेल. आपल्याला चारही एक. इंग्रजीत त्यांच्या दोन जोड्या पडतात: टॉर्चचा आणि विकायचं यांचा उच्चार एक, दुकानातला आणि शिडाचं यांचा दुसरा. चौथीच्या मुलांना चार चित्रं देऊन त्यांच्या जोड्या लावायला सांगा. फोनवरच्या शब्दकोशात शब्दाशेजारी स्पीकरची खूण असते, ती दाबून मुलांना एकेक शब्द ऐकू द्या. दोन शब्द ऐकून वर्गाचं एकमत होईना, तर छापील कोशात तिरक्या रेघांमधला उच्चार बघावा. तो जुळला की होमोफोन, नाही जुळला तर काम आपल्या जिभेवर आहे.

ही विभागणी करायची कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. खऱ्या समोच्चारी शब्दाला वाक्य लागतंच. 'वेट' असं सुटं श्रुतलेखन देणं मुलांवर अन्याय आहे. कारखान्याच्या काट्यावर उसाचा वेट, एसटीसाठी वेट, असं वाक्यात सांगायचं. मग डोळ्याला खूण द्यायची: ऐकायच्या हिअरमध्ये ई-ए-आर आहे, म्हणजे कान. मटणाच्या मीटमध्ये ई-ए-टी आहे, म्हणजे खाणं. भेटायच्या मीटमध्ये दोन ई समोरासमोर भेटलेत. आणि जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नयेत असं माझं ठाम मत आहे. पहिला पक्का होऊ द्यावा, आठ-दहा दिवसांनी दुसरा आणावा. एकदम दिले की मुलाला जोडी आठवते, पण त्यातला कुठला कुठे, हे आठवत नाही.

जिभेनं एक केलेल्या शब्दांना मात्र वाक्य दिलं की सराव बुडतो. मूल अर्थावरून ओळखतं, कानाला कामच उरत नाही. तिथं शब्द सुटाच म्हणायचा, फळ्यावर काही लिहायचं नाही, आणि मुलांनी ओला असेल तर डावा हात, डॉक्टरचा असेल तर उजवा हात वर करायचा. मी छोटा आरसा घेऊन जाते. डॉक्टरच्या वेटला वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले पाहिजेत. ओल्या वेटला ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल होतात, दात दिसत नाहीत. हे आधी मला स्वतःला आरशासमोर शिकावं लागलं. मी इंग्रजी पाचवीपासून शिकले. राज्यात ते 2000 साली पहिलीपासून आलं, तेव्हा आमचे उच्चार घट्ट होऊन बसले होते.

एक शब्द या दोन्ही खणांत बसत नाही. फूल या अर्थाचा आणि पीठ या अर्थाचा इंग्रजी शब्द कोशात एकाच उच्चाराचे आहेत. पण आपल्याकडे गिरणीच्या पाटीवर 'फ्लोअर मिल' असतं, म्हणजे पिठाची जोडी फरशीशी लागलेली. आणि फ्लॉवर म्हटलं की पोरांना बाजारातली भाजी दिसते. इथं इंग्रजीत एक असलेलं आपण तोडलं आहे, तेव्हा हा शब्द पाटी दाखवूनच शिकवावा लागतो.

मुलांच्या वह्यांत इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं बारीक 'वेट' असं मराठीत लिहिलेलं असतं. ते मी पूर्वी चालू द्यायचे. आता ओल्या वेटवर एक थेंब काढायला सांगते आणि डॉक्टरच्या वेटवर दोन दात. त्या मुलाच्या वहीतली फुली मी खोडली आणि दुसऱ्या दिवशी त्याला आरसा दिला. तिसऱ्या खेपेला त्याचा उजवा हात बरोबर वर गेला.